अफगाण बायका आणि इतरांचे सौदे

ऑक्टोबर २०२५ मध्ये तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी दिल्लीत आले. अफगाण दूतावासात त्यांनी पत्रकार परिषद घेतली आणि महिला पत्रकारांना तिथे प्रवेश मिळाला नाही. दोन दिवस आरडाओरड झाली. आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने ‘आमचा यात सहभाग नव्हता’ म्हणून हात झटकले, तालिबानकडून ‘यादीचा तांत्रिक घोळ’ असं कारण आलं. मग दुसरी पत्रकार परिषद झाली, तिथे महिला पत्रकार पुढच्या रांगेत बसल्या आणि प्रकरणावर पडदा पडला. त्या निमित्ताने एक जुना वाद मात्र पुन्हा उकरला गेला, आणि तो पूर्वी जितक्या वाईट रीतीने घातला जात होता तितक्याच वाईट रीतीने आजही घातला जातो आहे. एका बाजूचं म्हणणं, अमेरिकेने २०२१ मध्ये फौज काढून अफगाण बायकांना वाऱ्यावर सोडलं. अडीच हजार सैनिक तिथे ठेवले असते तर आज मुली शाळेत असत्या. दुसरी बाजू म्हणते, बायकांच्या मुक्तीचं निमित्त करून लादलेलं ते युद्धच साम्राज्यवादी होतं. परकी फौज गेली ते बरं झालं, पुढचं त्यांचं ते बघतील. दोघंही तावातावाने बोलतात आणि दोघंही बायकांचं नाव घेऊनच बोलतात.

मला दोन्ही बाजू मान्य नाहीत. फौज राहावी की जावी, या प्रश्नाचं बायकांच्या नावाने दिलेलं कुठलंही उत्तर फसवं आहे, कारण फौज आली ती त्यांच्यासाठी नव्हती आणि गेली तीही त्यांचा विचार करून नाही. अफगाण बायकांचा घात झाला तो ऑगस्ट २०२१ मध्ये शेवटचं विमान उडालं तेव्हा नाही. तो त्याच्या दीड वर्ष आधी कतारची राजधानी दोह्यातल्या एका आलिशान हॉटेलात, कॅमेऱ्यांसमोर, टाळ्यांच्या गजरात झाला. माघार घेणं हा अपराध नव्हता. माघारीच्या अटी ठरवताना देशाची अर्धी लोकसंख्या हिशेबातच न धरणं हा अपराध होता, आणि तो एकट्या अमेरिकेने केला असंही नाही. तो अजून चालू आहे.

२९ फेब्रुवारी २०२० ला अमेरिकेचे दूत झल्मे खलीलझाद आणि तालिबानचे मुल्ला अब्दुल गनी बरादर यांनी ज्या करारावर सह्या केल्या, तो जेमतेम चार पानांचा आहे. चहा पिता पिता वाचून होतो. त्यात सगळं तपशीलवार आहे. पहिल्या १३५ दिवसांत अमेरिकी सैन्य ८,६०० वर येणार, चौदा महिन्यांत सगळं जाणार. नुसते सैनिक नाहीत तर खासगी कंत्राटदार, प्रशिक्षक, सल्लागार हेही. काबूलचं सरकार पाच हजारांपर्यंत तालिबानी कैदी सोडणार, जरी ते सरकार या कराराचा पक्षही नव्हतं. तालिबानवरचे निर्बंध हळूहळू उठवण्याची बोलणी होणार. बदल्यात अल कायदाला थारा दिला जाणार नाही. करार लिहिणाऱ्यांनी शब्दांबाबत कमालीची काळजी घेतली होती. तालिबानचा उल्लेख आला की दरवेळी ‘अमेरिका ज्याला राज्य म्हणून मान्यता देत नाही आणि जे तालिबान म्हणून ओळखलं जातं ते अफगाणिस्तानचं इस्लामी अमीरात’ अशी लांबलचक माळ ओढलेली आहे. उद्या कुणी म्हणायला नको की आम्ही मान्यता दिली! एवढी सावध लेखणी, आणि त्या चार पानांत ‘स्त्री’ हा शब्द एकदाही नाही. शाळा नाही, शिक्षण नाही, राज्यघटना नाही.

‘ते विषय पुढच्या टप्प्यावर, अफगाणांच्या आपसातल्या वाटाघाटींत यायचे होते,’ असा खुलासा तेव्हा केला गेला. त्या वाटाघाटी सप्टेंबर २०२० मध्ये दोह्यातच सुरू झाल्या. सरकारच्या एकवीस जणांच्या संघात चार बायका होत्या: फौजिया कूफी, हबीबा सराबी, फातिमा गैलानी आणि शरीफा झुरमती. कूफी यांच्यावर आदल्याच महिन्यात गोळीबार झाला होता. जखमी हात घेऊन त्या टेबलावर बसल्या. तालिबानच्या संघात एकही बाई नव्हती. पण त्या चौघींनी बोलायचं तरी कशाच्या जोरावर? कैदी सोडून झाले होते, सैन्य जाण्याची तारीख लिहून दिली होती. समोरच्याला जे हवं ते आधीच मिळालेलं असताना त्याने देवघेव का करावी? हुकमाची पानं टाकून झाल्यावर अफगाण बायकांच्या हाती पत्ते दिले गेले.

आता फौज राहायला हवी होती म्हणणाऱ्यांचं सगळ्यांत भक्कम म्हणणं बघू, कारण ते भक्कम आहेच. वीस वर्षांत मिळवलेलं खोटं नव्हतं. २००१ मध्ये प्राथमिक शाळेत जाणाऱ्या मुली जवळजवळ शून्य होत्या, २०१८ पर्यंत त्या पंचवीस लाखांच्या घरात गेल्या. उच्च शिक्षण घेणाऱ्या मुलींची संख्या काही हजारांवरून लाखाच्या पुढे गेली. २००४ च्या घटनेच्या बाविसाव्या कलमाने स्त्री-पुरुष कायद्यापुढे समान ठरवले आणि त्याच घटनेने कनिष्ठ सभागृहातल्या अडीचशेपैकी अडुसष्ट जागा बायकांसाठी राखल्या. भारतात संसदेतल्या महिला आरक्षणाचं विधेयक तेव्हा लोंबकळत पडलं होतं, हे जाता जाता आठवावं. न्यायाधीश, वकील, सुईणी, वार्ताहर, वैमानिक अशी बायकांची एक पिढी उभी राहिली. ‘हे सगळं काबूलपुरतं होतं’ असं तुच्छतेने म्हणणाऱ्यांना विचारावं, की मुंबई-पुण्यात आधी झालं म्हणून आपल्याकडचं स्त्रीशिक्षण खोटं ठरतं का?

त्यांचा दुसरा मुद्दा असा, की करारानंतरच्या दीड वर्षात एकही अमेरिकी सैनिक लढाईत मेला नव्हता. मग अडीच हजारांची तुकडी ठेवायला काय जात होतं? इथे मात्र हिशेब चुकतो. ती शांतता विकत घेतलेली होती, आणि तिची किंमत होती निघून जाण्याचं वचन. तालिबानने अमेरिकनांवर हल्ले थांबवले कारण अमेरिकन जाणार होते. अफगाण शिपायांवरचे हल्ले, ईदच्या युद्धविरामाचे मोजके दिवस सोडले तर, थांबले नव्हते. वचन मोडलं असतं तर दुसऱ्या दिवशी युद्ध पुन्हा पेटलं असतं आणि अडीच हजारांचे पंचवीस हजार करावे लागले असते. २०११ च्या सुमारास अफगाणिस्तानात एक लाख अमेरिकी सैनिक होते. तेव्हा हेलमंदच्या सांगिनमध्ये मुली बिनधास्त शाळेत जात होत्या का? आणि ८ मे २०२१ ला काबूलच्या दश्त-ए-बर्ची वस्तीत सय्यद-उल-शुहदा शाळेबाहेर स्फोट झाले, ऐंशीहून अधिक जीव गेले, त्यांत बहुतेक शाळा सुटून घरी निघालेल्या, हजारा या अल्पसंख्य शिया समाजातल्या मुली होत्या, तेव्हा अमेरिकी सैन्य त्याच देशात होतं. बंदूक शाळेचं फाटक राखू शकते, तेही कधी कधी. शाळा चालवण्याचं काम तिचं नाही.

शिवाय ज्या फौजेवर एवढा विश्वास टाकायचा, तिने बायकांचं नाव कसं वापरलं तेही बघायला हवं. नोव्हेंबर २००१ मध्ये अमेरिकी अध्यक्षांच्या पत्नी लॉरा बुश यांनी रेडिओवरून सांगितलं, की दहशतवादाविरुद्धचा लढा हा स्त्रियांच्या हक्कांसाठीचा आणि प्रतिष्ठेसाठीचाही लढा आहे. त्यानंतर महिन्याभरात जर्मनीतल्या बॉन शहरात नव्या सत्तेची वाटणी झाली, आणि तिच्यात मोठा वाटा मिळाला तो १९९२ ते १९९६ या काळात काबूल बेचिराख करणाऱ्या, बायकांवर अनन्वित अत्याचार करणाऱ्या टोळ्यांच्या सरदारांना. २००३ च्या लोया जिर्ग्यात, म्हणजे घटना ठरवणाऱ्या महासभेत, मलालाई जोया नावाची पंचविशीतली मुलगी उभी राहिली आणि याच लोकांनी देशाची ही दशा केली, त्यांना इथे बसवता कशाला, असं तोंडावर विचारलं. तिचा माईक बंद करण्यात आला. २००५ मध्ये फराह प्रांतातून ती निवडून आली, २००७ मध्ये सहकाऱ्यांचा अपमान केल्याच्या कारणावरून संसदेने तिला निलंबित केलं. तेव्हा देशात परकी फौज होती आणि सरकार त्या फौजेच्या पैशावर चालत होतं. मार्च २०१२ मध्ये धर्मगुरूंच्या उलेमा परिषदेने पुरुष मूलभूत आणि स्त्री दुय्यम असं पत्रक काढलं आणि अध्यक्ष हमीद करझाई यांनी त्याची पाठराखण केली. मार्च २०१५ मध्ये काबूलच्या मध्यभागी, शाह-दो-शमशिरा मशिदीजवळ, कुराण जाळल्याच्या खोट्या आरोपावरून फरखुंदा या तरुणीला जमावाने ठेचून मारलं. पाश्चात्त्य पैशांवर उभे राहिलेले पोलिस बघत राहिले. तिची शवपेटी बायकांनी स्वतःच्या खांद्यावर नेली, रिवाज मोडून. या सगळ्या काळात अमेरिकेने पुनर्रचनेवर साधारण १४,५०० कोटी डॉलर खर्च केले आणि त्यातले खास स्त्रिया व मुलींच्या योजनांवर, अमेरिकेच्याच लेखापरीक्षकांच्या मोजणीनुसार, किमान ७९ कोटी. शंभर डॉलरांमागे अर्धा डॉलर. मुक्तीचं युद्ध म्हणे!

म्हणजे दुसरी बाजू बरोबर? तिचा सगळ्यांत भक्कम मुद्दा खेड्यातल्या बाईचा आहे, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. जुलै २००८ मध्ये नंगरहार प्रांतात एक वऱ्हाड नवरीला घेऊन डोंगरवाटेने चाललं होतं. अमेरिकी विमानांनी त्यावर बॉम्ब टाकले. अफगाण सरकारच्या चौकशीनुसार ४७ माणसं मेली, बहुतेक बायका आणि मुलं, नवरीसुद्धा. पुढच्याच महिन्यात हेरात प्रांतातल्या अझीझाबादमध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या म्हणण्यानुसार, नव्वद नागरिक मारले गेले आणि त्यांतली साठ मुलं होती. रात्री दार फोडून घरात शिरणारे सैनिक हा दक्षिणेतल्या आणि पूर्वेतल्या खेड्यांचा नित्याचा अनुभव होता. तिथल्या आईला २०२१ चा ऑगस्ट म्हणजे काय? आकाशातलं मरण थांबलं. काबूलच्या विद्यापीठातली मुलगी रडत होती त्याच आठवड्यात हेलमंदमधली एखादी बाई कित्येक वर्षांनी गाढ झोपली असेल. तिच्या झोपेची किंमत काबूलच्या मुलीच्या पदवीपेक्षा कमी, असं कुणी म्हणू नये.

पण हा मुद्दा मांडणारे इथेच थांबतात. बॉम्ब थांबले, मग त्या हेलमंदच्या बाईच्या मुलीची शाळा कुठे आहे? युद्ध हेच शाळा नसण्याचं कारण होतं, तर युद्ध संपल्यावर सांगिनमध्ये, मूसा कलामध्ये मुलींच्या शाळा उभ्या राहायला हव्या होत्या. उलट मुलींच्या सहावीनंतरच्या शिक्षणावरची तालिबानची बंदी काबूलइतकीच तिथेही लागू आहे. डिसेंबर २०२२ मध्ये स्वयंसेवी संस्थांत काम करायला बायकांना मनाई झाली, एप्रिल २०२३ मध्ये ती संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयांनाही लागू केली. याचा फटका सगळ्यांत जास्त कुणाला बसला? धान्याच्या रांगेत परक्या पुरुषासमोर जाऊ न शकणाऱ्या विधवेला, खेड्यातल्या दवाखान्याला. डिसेंबर २०२४ मध्ये परिचारिका आणि सुईणींचं शिक्षण देणाऱ्या संस्थांची दारंही बंद झाली. जिथे पुरुष डॉक्टरने बाईला तपासणं चालत नाही, तिथे नव्या बायका डॉक्टर होणार नाहीत, परिचारिका होणार नाहीत, सुईणीही होणार नाहीत. बाळंतीण अडली तर कुणाला बोलवायचं? ३१ ऑगस्ट २०२५ च्या रात्री पूर्वेकडच्या कुनार प्रांतात भूकंप झाला, दोन हजारांहून अधिक माणसं मेली, आणि परक्या पुरुषांनी हात लावायचा नाही म्हणून ढिगाऱ्यातल्या बायकांपर्यंत मदत उशिरा पोचल्याच्या बातम्या आल्या. कुनार ही काही काबूलची उच्चभ्रू पेठ नाही. खेड्यातल्या बाईच्या नावाने माघारीचं समर्थन करणाऱ्यांनी माघारीनंतरही खेड्यातल्या बाईचं नाव घ्यावं, एवढी माफक अपेक्षा आहे.

मग उरतो तो ‘त्यांचं ते बघतील’ हा युक्तिवाद. सुधारणा आतून यायला हवी, परक्याने लादू नये. मराठी माणसाला हे वाक्य ओळखीचं वाटायला हवं. १८९१ मध्ये मुलीचं संमतिवय दहावरून बारा करण्याच्या कायद्याला टिळकांनी विरोध केला तो नेमका याच आधारावर, की परकी सरकारने आमच्या धर्मात आणि घरात हात घालू नये, सुधारणा लोकशिक्षणाने होईल. आगरकरांनी त्याविरुद्ध लेखणी झिजवली. तो वाद आपण शाळेत दोन थोर पुरुषांचा वाद म्हणून शिकतो. त्याच काळातली रखमाबाई त्यात असतेच कुठे? अकराव्या वर्षी लग्न लावलेली ही मुलगी नवऱ्याकडे जायला नकार देते, १८८४ मध्ये नवरा कोर्टात जातो, ती ‘एक हिंदू स्त्री’ या नावाने टाइम्स ऑफ इंडियात पत्रं लिहून बालविवाहाची चिरफाड करते. सुधारणा आतून हवी होती ना? याहून आतून काय यायचं? आणि परकी सरकार तरी तिच्या बाजूने होतं का? पहिल्या न्यायाधीशाने तिची बाजू घेतली, पण मार्च १८८७ मध्ये त्याच इंग्रजी न्यायालयाने नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा निकाल दिला. राज्यकर्त्यांना बायकांपेक्षा राज्य शांत राहण्याची काळजी जास्त होती. साम्राज्याला बाई सोयीपुरती हवी होती, परंपरेलाही सोयीपुरतीच. ‘आतून येऊ द्या’ म्हणणाऱ्यांची खरी परीक्षा आतून आलेला आवाज ऐकताना होते, आणि बहुतेक जण तिथे नापास होतात.

अफगाणिस्तानात तो आवाज अमेरिकेने विमानातून आणला नव्हता. राजा अमानुल्ला खान आणि राणी सुरैया यांनी १९२० च्या दशकात मुलींच्या शाळा काढल्या, १९२८ मध्ये काही मुलींना शिकायला तुर्कस्तानला पाठवलं. त्यांची घाई त्यांना नडली, बंड झालं आणि जानेवारी १९२९ मध्ये राजाला गादी सोडावी लागली, हे खरं आहे. पुढे १९७८ मध्ये कम्युनिस्टांनी हुकूमनामे काढून वधूमूल्य आणि लग्नाचं वय ठरवायला घेतलं, पाठोपाठ मार्च १९७९ मध्ये हेरात पेटलं आणि ते वर्ष संपता संपता सोव्हिएत रणगाडे आले. सुधारणेला बंदुकीचा वास लागला तो कायमचा. पण या दोन अपयशांच्या मधली गोष्ट कुणी सांगत नाही. १९५९ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सोहळ्यात सरकारी अधिकाऱ्यांच्या पत्नी चेहरा उघडा ठेवून व्यासपीठावर आल्या. १९६४ च्या घटनेने बायकांना मताधिकार दिला. १९६५ च्या निवडणुकीत चार बायका संसदेत गेल्या, आणि त्यांतली एक, मासूमा इस्मती, निवडून आली ती कंदाहारमधून. होय, कंदाहार. ज्या शहरात बसून आज तालिबानचे सर्वोच्च नेते हैबतुल्ला अखुंदजादा मुलींच्या शाळा बंद ठेवण्याचे हुकूम काढतात, त्याच कंदाहारच्या मतदारांनी साठ वर्षांपूर्वी एक बाई काबूलला पाठवली होती. तेव्हा देशात ना सोव्हिएत फौज होती, ना अमेरिकी.

‘ही त्यांची संस्कृती आहे’ म्हणणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे. २३ मार्च २०२२ ला नव्या शैक्षणिक वर्षात मुलींच्या माध्यमिक शाळा उघडणार असं तालिबानच्याच शिक्षण मंत्रालयाने जाहीर केलं होतं. सकाळी मुली दप्तरं घेऊन आल्या, वर्गात बसल्या, शिक्षिका आल्या. काही तासांत निरोप आला: घरी जा. शरियत आणि अफगाण परंपरेला धरून गणवेश ठरेपर्यंत शाळा बंद. ज्या समाजाची परंपराच मुलींना शिकू देत नाही, त्या समाजातल्या मुली आदल्या रात्री दप्तर भरून ठेवतात का? त्यांचे बाप त्यांना सोडायला फाटकापर्यंत येतात का? डिसेंबर २०२२ मध्ये मुलींना विद्यापीठबंदी झाली, तेव्हा कैरोतल्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठाच्या प्रमुख इमामांनी ही बंदी शरियतविरोधी असल्याचं सांगितलं. सौदी, तुर्कस्तान, कतार यांनीही नापसंती व्यक्त केली. खुद्द तालिबानचे उप-परराष्ट्रमंत्री शेर मोहम्मद अब्बास स्तानिकझई, एकेकाळी आपल्या डेहराडूनच्या लष्करी अकादमीत शिकलेले, जानेवारी २०२५ मध्ये जाहीर भाषणात म्हणाले, की या बंदीला कुठलाही आधार नाही, चार कोटींतल्या दोन कोटी माणसांवर आपण अन्याय करतो आहोत. त्यानंतर त्यांना देश सोडावा लागला. कंदाहारमधल्या एका छोट्या वर्तुळाचा हा निर्णय आहे आणि तो तालिबानमधल्याच अनेकांना पटलेला नाही. त्याला संस्कृती म्हणणं हा त्या संस्कृतीचा अपमान आहे.

मग माघार वेगळी होऊ शकली असती का? सोव्हिएत माघारीकडे बघा. एप्रिल १९८८ मध्ये जिनिव्हात करार झाला तेव्हा लढणारे मुजाहिदीन टेबलावर नव्हते. २०२० मध्ये दोह्यात करार झाला तेव्हा काबूलचं सरकार टेबलावर नव्हतं. १५ फेब्रुवारी १९८९ ला सोव्हिएत फौजेचे जनरल ग्रोमोव्ह अमू दर्यावरच्या पुलावरून पायी परत गेले, आणि सगळ्यांनी महिन्या-दोन महिन्यांत पडेल असं ठरवलेलं, मॉस्कोच्या आधारावरचं नजीबुल्ला सरकार तीन वर्षं टिकलं. काबूलच्या शाळांत, कचेऱ्यांत, इस्पितळांत बायका काम करत राहिल्या. ते सरकार पडलं ते मॉस्कोची रसद तुटल्यावर, एप्रिल १९९२ मध्ये. (ते सरकार दडपशाहीचं होतं, त्याचं गुणगान करायचं नाही.) सांगायचं ते इतकंच, की फौज जाण्याने सगळं ठरत नाही, मागे काय ठेवलं, कुणाशी काय ठरवलं आणि नंतर काय केलं याने ठरतं. २०२१ मध्ये अफगाण हवाई दल कोसळलं कारण विमानं दुरुस्त करणारे कंत्राटदारही दोह्याच्या कलमानुसार निघून गेले. शिपायाचं मनोबल खचलं कारण त्याने पकडलेला माणूस कराराने सुटून पुन्हा समोर उभा राहिला. बायडन यांनी एप्रिल २०२१ मध्ये ट्रम्प यांचा करार वारशात मिळाला म्हणून सांगितलं आणि तारीख फक्त पुढे ढकलली, अटी तशाच ठेवल्या. कैद्यांची सुटका टप्प्याटप्प्याने, निर्बंध उठवणं शाळांना जोडून, वाटाघाटीत पहिल्या दिवसापासून बायका, या अटी तालिबानने मान्य केल्या असत्या का? कदाचित नसत्याही. पण त्या मागितल्याच गेल्या नाहीत, आणि न मागितलेली गोष्ट मिळाली नाही म्हणून समोरच्याच्या कडवेपणाला दोष देऊन मोकळं होता येत नाही.

माघारीनंतर जे झालं त्यात तर फौजेचा संबंधही नाही. अफगाण मध्यवर्ती बँकेचे सुमारे ७०० कोटी डॉलर न्यूयॉर्कमध्ये गोठवले गेले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यातला निम्मा पैसा ९/११ च्या पीडितांच्या संभाव्य दाव्यांसाठी बाजूला काढला गेला. ज्या देशात शिक्षिकेला पगार मिळत नव्हता आणि कुटुंबं पोटच्या मुलींची लग्नं पैशांसाठी लावून देत होती, त्या देशाच्या बँकेचा पैसा! तालिबानला शिक्षा म्हणून केलेल्या या गोष्टीने तालिबानचा कुठला नेता उपाशी राहिला? जून २०२४ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांनी अफगाणिस्तानवर परिषद घेतली, पुन्हा दोह्यातच. तालिबानने यायची अट घातली, की मुख्य बैठकीत अफगाण बायका आणि नागरी संघटना नकोत. आणि संयुक्त राष्ट्रांनी ती मान्य केली! बायकांशी नंतर स्वतंत्र भेटी झाल्या. इथे कुठली फौज होती, कुठलं साम्राज्य होतं? जुलै २०२५ च्या ३ तारखेला रशियाने तालिबान सरकारला मान्यता दिली, आणि पाचच दिवसांनी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने स्त्रियांच्या छळाबद्दल अखुंदजादा आणि सरन्यायाधीश अब्दुल हकीम हक्कानी यांच्यावर अटक वॉरंट काढलं. दोन्ही बातम्या एकाच आठवड्यातल्या. कुठल्या कागदाला जास्त वजन आहे ते दूतावासांवरचे झेंडे मोजून कळेल.

‘अमेरिकेने बायकांना वाऱ्यावर सोडलं’ म्हणणाऱ्या राष्ट्रांनी त्या बायका दारात आल्यावर काय केलं, हे तर विचारायलाच नको. पाकिस्तानने २०२३ च्या अखेरीपासून लाखो अफगाणांना परत धाडलं, इराणनेही २०२५ मध्ये लाखोंना. अमेरिकेने आपल्याकडच्या अफगाणांचा तात्पुरत्या संरक्षणाचा दर्जा २०२५ मध्ये काढून घेतला. आपण? काबूल पडल्यावर पाच दिवसांनी, २० ऑगस्ट २०२१ ला, अफगाण खासदार रंगीना कारगर राजनैतिक पासपोर्ट घेऊन दिल्ली विमानतळावर उतरल्या आणि तिथूनच त्यांना इस्तंबूलला परत पाठवण्यात आलं. नंतर आपल्या सरकारने खेद व्यक्त केला. अफगाणांना आधी दिलेले व्हिसे त्याच महिन्यात रद्द झाले. पुण्यात वर्षानुवर्षं अफगाण विद्यार्थी शिकत आले आहेत, फर्ग्युसन रस्त्यावर त्यांचे घोळके दिसणं ही नवलाची गोष्ट नव्हती. कोविडमध्ये घरी गेलेले अनेक जण या एका निर्णयाने अर्धवट पदवी घेऊन तिकडेच अडकले. त्यांतला मुलगा निदान काबूलच्या विद्यापीठाचं दार ठोठावू शकत होता, मुलीला २० डिसेंबर २०२२ नंतर तेही उरलं नाही. ऑनलाइन शिष्यवृत्त्या दिल्या, हे मान्य. पण जिच्या घरात वीज चार तास येते तिला ऑनलाइन पदवी म्हणजे वाळवंटातला नळ.

दिल्लीच्या त्या दुसऱ्या पत्रकार परिषदेत मुलींच्या शिक्षणाबद्दल विचारल्यावर मुत्तकी म्हणाले, की आम्ही ते हराम ठरवलेलं नाही, पुढचा आदेश येईपर्यंत स्थगित ठेवलं आहे. त्याच दौऱ्यात भारताने काबूलमधल्या तांत्रिक कार्यालयाला पूर्ण दूतावासाचा दर्जा देण्याचं जाहीर केलं. शेजाऱ्याशी बोलावंच लागतं, पाकिस्तानचा विचार करता बोलणं शहाणपणाचंही आहे. मी त्याच्या विरोधात नाही. पण दर्जा वाढवण्याच्या बदल्यात काय मागितलं? खाणी, व्यापार, हवाई मालवाहतूक यांवर बोलणी झाली. मुलींचा विषय आपण पत्रकारांच्या भरवशावर सोडला, आणि त्यांतल्या बायका तर आधी फाटकाबाहेरच उभ्या होत्या. काबूलमधून मुलगी शिकायला बाहेर पाठवणं आता जवळपास अशक्य आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये दुबईला शिष्यवृत्तीवर निघालेल्या शंभरेक मुलींना तालिबानने विमानतळावरच अडवलं होतं. मात्र ज्या आधीच सीमेपलीकडे आहेत, इराणमध्ये, हद्दपारीच्या नोटिसा हातात घेऊन, त्यांच्यासाठी भारतीय विद्यापीठांत जागा राखून ठेवणं आणि तेहरानमधल्या आपल्या दूतावासात त्यांचे विद्यार्थी व्हिसाचे अर्ज घेणं यासाठी कंदाहारला विचारावं लागत नाही.